पोटरी उघडल्यानंतर: काय सुरीमुळे, काय दाबामुळे

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, शेती करतात. सहा आठवड्यांपूर्वी पहाटे उजवा पाय अचानक थंड पडून असह्य दुखू लागला. हृदयाचे ठोके अनियमित आहेत, हेही तेव्हाच कळलं. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत नऊ तास गेले. रक्तवाहिनीतली गुठळी काढली, पाय गरम झाला. दुसऱ्या दिवशी पोटरी टणक झाली, म्हणून दोन्ही बाजूंनी कापून उघडी ठेवली. मधे तीनदा डायलिसिस झालं, नंतर मांडीची कातडी लावली. आता पाऊल वर उचलत नाही, संध्याकाळी पाय सुजतो, रात्री आग होते, जखमेचा एक कोपरा ओला आहे. नातेवाईक म्हणतात, कापायलाच नको होतं. हे सगळं ऑपरेशनमुळे झालं का? पाऊल परत उचलेल का? शेतावर कधी जाता येईल?

ताई, आधी नातेवाइकांचं म्हणणं घेतो, कारण कंपार्टमेंट सिंड्रोमच्या (बंद कप्प्यात दाब वाढून स्नायूला रक्त न पुरणं) जवळजवळ प्रत्येक घरात ते ऐकू येतं. पेशंट दवाखान्यात गेला तेव्हा पाय अखंड होता, बाहेर आला तेव्हा दोन हातभर चिरा घेऊन आला आणि पाऊल लोंबतंय. बघणाऱ्याला सुरी दिसते, आतला दाब दिसत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या त्रासांपैकी काही सुरीचे आहेत आणि काही दाबाचे. ते वेगळे केल्याशिवाय पुढे काय करायचं हे ठरत नाही.

गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत बसवलेले असतात: एक नडगीच्या पुढे, एक बाहेरच्या बाजूला, दोन पोटरीत. प्रत्येक कप्प्याभोवती फॅशिया नावाचं चिवट आवरण असतं आणि ते फारसं ताणलं जात नाही. कित्येक तास रक्ताविना राहिलेल्या स्नायूत रक्त पुन्हा सुरू झालं की तिथल्या केशवाहिन्या गळायला लागतात आणि स्नायू सुजतो. पावसाळ्यात फुगलेलं दार जसं चौकटीत घट्ट बसतं, तसा तो आवरणात अडकतो. एरवी या कप्प्यांतला दाब, रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मापात, १० मिलिमीटरच्या आत असतो. रक्तदाबाचा खालचा आकडा आणि कप्प्यातला दाब यांतला फरक ३० च्या खाली आला की स्नायूला रक्त पुरेनासं होतं. समजा खालचा आकडा ७० आहे आणि कप्प्यात ४५ भरले, तर फरक उरला २५. अशा वेळी पावलाची नाडी लागत असते, बोटं गरम असतात, आणि म्हणूनच फसगत होते. नाडी लागते म्हणजे आतला स्नायू जिवंत आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

तुमच्या वडिलांच्या स्नायूंनी दोन मार खाल्ले. आधी नऊ तास रक्त नाही, मग आतून दाब. स्नायू रक्ताविना साधारण चार तास बरा तग धरतो. सहा-आठ तासांनंतरचं नुकसान बऱ्याच अंशी कायमचं असतं. म्हणजे पोटरी उघडली तेव्हा नुकसानीचा मोठा वाटा होऊन गेलेला होता. फॅशिओटॉमीनं, म्हणजे ते आवरण चिरून उघडण्यानं, उरलेलं वाचवलं, आणि बहुधा पायही वाचवला. सहा तासांहून जास्त वेळ रक्त बंद असेल तर अनेक सर्जन गुठळी काढतानाच फॅशिओटॉमी उरकून घेतात. माझाही कल तिकडेच आहे. पण त्या रात्री पोटरी मऊ असेल तर थांबून तासातासाला तपासत राहणं हाही मान्य मार्ग आहे. लांबून त्यावर निवाडा देणार नाही.

मार न लागता झालेल्या कंपार्टमेंट सिंड्रोमचं दुखणं नेमकं हेच असतं, वेळ निघून जाते. हाड मोडलेला पेशंट ऑर्थोपेडिक वॉर्डात असतो आणि तिथल्या सिस्टरलाही या गोष्टीची धास्ती असते. पण दारू पिऊन हातावर रात्रभर निजलेला माणूस, सलाईन नसेबाहेर जाऊन फुगलेला दंड, रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असताना पोटरीत झालेला रक्तस्राव, पाय वर बांधून चाललेलं पोटाचं लांब ऑपरेशन, यांत कुणाच्या मनात लवकर शंका येत नाही. त्यामुळे अशा रुग्णांच्या फॅशिओटॉमीनंतर जी गुंतागुंत दिसते, तिचा मोठा हिस्सा उशिराच्या खात्यावर जातो. फार उशीर झाला असेल, स्नायू पूर्ण मेलेला असेल, तर कधीकधी सर्जन मुद्दाम उघडतच नाहीत. बंद कप्प्यातला मेलेला स्नायू उघडला की त्यात जंतू शिरतात आणि पाय कापायची पाळी येऊ शकते.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. घरी एक तपासणी करून बघा. त्यांना डोळे मिटून आडवं होऊ द्या. कापसाची पातळ वात घ्या आणि आधी डाव्या पायावर फिरवून दाखवा, म्हणजे स्पर्श कसा लागायला हवा हे त्यांना कळेल. मग उजव्या पायाच्या चार जागा तपासा.

अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्यामधली बेचकी, म्हणजे तिथला रुपयाएवढा भाग. तिथे कळत नसेल तर नडगीच्या पुढच्या कप्प्यातून जाणारी नर्व्ह (मज्जातंतू) दुखावली आहे. पाऊल वर उचलणारे स्नायू याच कप्प्यात असतात. हे नुकसान सहसा दाबाचं असतं.

बेचकी सोडून पावलाचा बाकी वरचा भाग. ही नर्व्ह बाहेरच्या कप्प्यातून येते आणि घोट्याच्या वर साधारण १०-१२ सेंटिमीटरवर फॅशियातून बाहेर पडून कातडीखाली येते. बाहेरची चीर नेमकी हिच्या अंगावरून जाते. त्यामुळे इथला बधिरपणा सुरीचाही असू शकतो. त्रासदायक आहे, पण चालणं त्यानं अडत नाही.

आतल्या घोट्याच्या वरची कातडी. ही नर्व्ह आतल्या चिरेच्या वाटेत असते. बधिर असेल तर सुरीचं, आणि त्याची काळजी करू नका.

चौथी जागा तळवा. याच उत्तराची मला सर्वांत जास्त काळजी आहे. तळव्याची नर्व्ह पोटरीच्या अगदी खोल कप्प्यातून जाते. उघडताना हाच कप्पा सर्वांत सहज राहून जातो किंवा अर्धवट उघडला जातो. तळवा बधिर असेल तर बाभळीचा काटा रुतला तरी कळणार नाही आणि पुढचं आयुष्य मधुमेही पावलासारखं सांभाळावं लागेल. अनवाणी फिरणं बंद, घरातसुद्धा. मागे पट्टा असलेली चप्पल आणि रोज संध्याकाळी तळवा उजेडात धरून पाहणं.

ही घरची चाचणी झाली, निदान नव्हे. पण फिजिओथेरपिस्टकडे किंवा सर्जनकडे जाताना या चार उत्तरांचा कागद नेलात तर दहा मिनिटांची भेट कामाची होते.

पाऊल उचलेल का? पाऊल उचलायला दोन गोष्टी लागतात: हुकूम पोहोचवणारी नर्व्ह आणि तो पाळणारा स्नायू. नर्व्ह नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत जाग येऊ लागते. तिचे तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वेगानं वाढतात, म्हणून महिने लागतात. पण नर्व्ह सुधारली आणि स्नायूच उरला नसेल, किंवा ऑपरेशनमध्ये मेलेला म्हणून काढला असेल, तर थांबून काही मिळत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड काढून पाहा: चारही कप्पे उघडल्याचं लिहिलं आहे का? दुसऱ्यांदा आत घेऊन स्नायू तपासला तेव्हा कोणता काढला? स्नायू जिवंत आहे की नाही हे सर्जन रंग, टणकपणा, चिमटा लावल्यावर आकसतो का आणि कापल्यावर रक्त येतं का यांवर ठरवतात. त्याची नोंद असायला हवी. नसेल तर ऑपरेशन नोट्सची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे.

नर्व्हची तपासणी (एनसीव्ही आणि ईएमजी) आता करून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. एकट्या रिपोर्टवर फारसं बोलता येत नाही, दोन शेजारी ठेवले की दिशा दिसते. ईएमजीची सुई टोचल्यावर स्नायू अगदीच मुका असेल तर तिथे बहुधा चिवट तंतूच उरले आहेत.

तोवर पाऊल सरळ ठेवणं हे सगळ्यांत मोठं काम आहे, आणि दुर्दैवानं त्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. लोंबतं पाऊल रात्रभर पांघरुणाच्या ओझ्यानं खाली दाबलं जातं, टाचेची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आखडते, आणि दोन-तीन महिन्यांनी नर्व्ह जागी झाली तरी पाऊल वर येत नाही. रात्री पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट आणि दिवसा चालताना प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे घोटा-पाऊल धरून ठेवणारा साचा. तो काढल्यावर ग्राफ्टवर (मांडीची लावलेली कातडी) पडलेली लाली वीस मिनिटांत गेली नाही तर तो घासतोय, दुरुस्त करून घ्या. दिवसातून तीन-चार वेळा गुडघा सरळ ठेवून, पावलाला पंचा लावून ते हलकेच नडगीकडे ओढा, तीस मोजेपर्यंत धरा, असं दहादा. मालीशवाल्याला बोलावू नका. ग्राफ्टची कातडी खालच्या मांसाला धरायला वेळ घेते आणि जोरात चोळलं की फोड येऊन उखडते.

ताण देताना बोटांकडे बघा. पाऊल वर ओढलं की बोटं पंजासारखी वळतात आणि पाऊल खाली सोडलं की सरळ होतात, असं दिसलं तर खोल कप्प्यातले स्नायू आखडायला लागले आहेत. रिशार्ड फोन फोल्कमान या जर्मन सर्जननं १८८१ मध्ये हाताच्या बाबतीत जे आखडणं वर्णिलं, त्याचंच हे पायातलं रूप. लवकर दिसलं तर ताण आणि स्प्लिंटनं बरंच आटोक्यात राहतं. उशिरा दिसलं तर शिरा लांब करायचं ऑपरेशन लागतं. आपल्याकडे याची झळ संडासात आणि पंगतीत कळते. घोटा वर येत नाही म्हणून उकिडवं बसता येत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत हा त्रास सहसा मोजलेला नसतो.

वर्षभरात पाऊल उचललं नाही, तर शिरा बदलायचं ऑपरेशन आहे. घोट्याच्या आतल्या बाजूनं जाणारी टिबिॲलिस पोस्टेरियर या स्नायूची शीर पुढे आणून पावलाच्या वर बसवतात. आपल्या देशात कुष्ठरोगामुळे लोंबणाऱ्या पावलांसाठी ही शस्त्रक्रिया पिढ्यानपिढ्या होते आहे आणि त्यात आपल्या सर्जनांचा हात बसलेला आहे. फक्त एक मेख आहे. कुष्ठरोगात हा स्नायू सहसा शाबूत असतो. इथे तो त्याच दाबलेल्या खोल कप्प्यात बसतो. तो जिवंत आहे का हे पाहायला वडिलांना खुर्चीत बसवा, तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगा आणि तुमच्या हातानं विरोध करा. आतल्या घोट्याच्या मागे दोरीसारखी शीर ताठ लागली तर आशेला जागा आहे.

आता जखम. सहाव्या आठवड्यात एखादा कोपरा ओला असणं नवल नाही. तिथे लाल मांस जास्त वाढलेलं असतं, किंवा ग्राफ्ट शिरेवर लागलेला असतो आणि तिथे नीट धरत नाही. साध्या साबणपाण्यानं धुवा, जखमेला न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवा, वर कोरडं गॉज. हळद, पावडर, बुडबुडे येणारं औषध यांतलं काहीही नको. महिनाभरात कोपरा लहान होताना दिसला पाहिजे. वास येऊ लागला, कडा काळी पडली, ताप आला किंवा ग्राफ्टखालून पू आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

ग्राफ्टला घाम येत नाही, तेलही सुटत नाही. म्हणून तो कोरडा, खरखरीत राहतो आणि खाजतो. पूर्ण भरलेल्या भागावर रोज दोनदा खोबरेल किंवा व्हॅसलिन हलक्या हातानं लावा. उन्हात झाकून ठेवा, नाहीतर डाग काळपट होतो. एडिनबर्गमधल्या डॉक्टरांनी फॅशिओटॉमीच्या जखमा असलेल्या ६० रुग्णांना नंतर बोलावून तपासलं आणि २००० साली ते छापलं. सुमारे ७७ टक्के लोकांना जखमेच्या हद्दीत संवेदना बदललेली होती, ४० टक्क्यांची कातडी कोरडी, ३३ टक्क्यांना खाज, पाव लोकांचा पाय सुजलेला. १२ टक्क्यांनी धंदा बदलला होता. ते रुग्ण अपघाताचे होते, आणि वयानं तरुण माणसाचे आकडे शेतकरी वडिलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही खाज आणि बधिरपणा म्हणजे काहीतरी बिघडलं, असं मानू नये एवढं त्यातून निघतं.

संध्याकाळची सूज सुरीची आणि दाबाची मिळून आहे. पोटरीचे स्नायू चालताना नीलांतलं (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांतलं) रक्त वर ढकलतात. आवरण उघडलं आणि स्नायू अशक्त झाला की ते ढकलणं मंदावतं. यावर दाब देणारा मोजा चांगला, पण थांबा. तुमच्या वडिलांची मूळ तक्रार धमनीची आहे. आधी सर्जनला पावलाची नाडी बघू द्या आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहू द्या. ते गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर घट्ट मोजा घालून पाय गमावला जाऊ शकतो. मेडिकलवाल्याकडून मापानं आणलेला मोजा म्हणून मुळीच नको. परवानगी मिळाली तर सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घाला. बसताना पाय स्टुलावर ठेवा, उशी पोटरीखाली लांब घाला आणि टाच अधांतरी ठेवा. नुसत्या गुडघ्याखाली उशी ठेवली की गुडघा आखडतो.

उभं राहिल्यावर चिरेच्या जागी मऊ फुगवटा दिसला तर घाबरू नका. कापलेल्या आवरणातून स्नायू डोकावतो. दुखत नसेल तर सोडून द्यावं. कुणी तो शिवून टाकू म्हणालं तर नाही म्हणा, कारण आवरण पुन्हा बंद केलं की कंपार्टमेंट सिंड्रोम पुन्हा होऊ शकतो.

रात्रीची आग नर्व्हची आहे. ती बऱ्याचदा नर्व्ह सावरत असतानाच वाढते. इथे मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती दुखण्याच्या गोळ्यांची. मेलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात सुटलं, त्यानं मूत्रपिंडं अडली, लघवी चहाच्या रंगाची झाली असेल, म्हणून डायलिसिस लागलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आज नॉर्मल आलं तरी मूत्रपिंडांनी मार खाल्लेला आहे. त्यात डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन म्हणजे दुहेरी घात. मूत्रपिंडाला मार बसतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होतो. आगीसाठी गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं असतात, पण त्यांचा डोस क्रिएटिनिन बघून ठरतो. आगीवरच्या काही जुन्या गोळ्या हृदयाच्या ठोक्यांना चालत नाहीत. डॉक्टरला ठोक्यांचं आणि डायलिसिसचं दोन्ही सांगा.

रक्त पातळ करायची गोळी जखमेतून थोडं रक्त आलं म्हणून घरच्या घरी बंद करू नका. गुठळी हृदयातून आली होती. पुढची डोक्यात जाऊ शकते. गोळी वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) बहुधा २ ते ३ मध्ये ठेवायला सांगितला असेल. पालेभाजी बंद करायची गरज नाही, एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं मात्र नको.

सापाचा उल्लेख इथे करतो, कारण गावाकडून हा प्रश्न नेहमी येतो. घोणस किंवा फुरसं चावून पाय फुगला की लोक लगेच 'कापा' म्हणतात. यातली बरीचशी सूज कातडीखाली असते, कप्प्यात नसते. त्यात विषानं रक्त गोठत नसतं. काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांनी गोठलं का पाहतात. गोठत नसताना चीर दिली तर त्या जखमेतलं रक्त थांबत नाही. आधी प्रतिविष, मग दाब मोजणं, आणि मोजलेला दाब खरंच जास्त असेल तरच सुरी. या एका प्रकारात 'कापायलाच नको होतं' हे म्हणणं बऱ्याचदा खरं ठरतं.

लांबच्या काळाचं थोडक्यात. जुन्या डागावर सहा-आठ आठवडे न भरणारा चट्टा पडला तर तुकडा तपासायला द्या, कारण अशा डागांत क्वचित कर्करोग होतो. आणि दहा-वीस वर्षांनी नडगीत कडक, हळूहळू वाढणारी गाठ आली तर ती चुनखडी धरलेला मेलेला स्नायू असू शकते. अशा गाठीत उगाच सुई घातली की बरी न होणारी वाहती जखम मागे लागते, म्हणून आधी एक्स-रे काढा आणि पहिल्या ऑपरेशनची कागदपत्रं दाखवा.

शेतावर जाण्याचं विचारलंय. कोपरा भरल्यावर, एएफओ आणि बंद बूट घालून बांधावर जाऊन बसायला हरकत नाही. चिखलात उतरणं, पाणी धरणं आता नको. एसटीच्या पायरीवर चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी. पाऊल एकाएकी पुन्हा थंड पडलं, पांढरं किंवा निळसर झालं, किंवा उजव्या पोटरीतली कळ गोळीनंही थांबेना, तर गाडी थेट रक्तवाहिन्यांचा सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. मागच्या वेळी नऊ तास गेले होते.

चार जागांची उत्तरं आणि कार्डावर कोणता स्नायू काढल्याचं लिहिलंय ते कळवलंत, तर पुढचं नेमकं सांगता येईल.